न परतलेल्यांची चौकट

मला सेलूत राहू दिलं ते ताईंनी. हे पहिल्यांदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढं लिहिताना हात भरकटला तरी उपकार कुणाचे ते राहून जायला नको. ताईंचं नाव लिहीत नाही. त्यांनीच मना केलंय. "माझं नाव छापल्यावर जे व्हायाचं ते न छापताच होऊन गेलं," असं म्हणतात आणि हसतात.

मी सातवीतनं शाळा सोडलेला माणूस. घर कोकणात, डोंगराच्या कुशीत. शाळा सुटली ती तालुक्याच्या गावी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला लागलो म्हणून. अक्षरं उलटी वाचायला आधी शिकलो, सुलटं वाचायची गोडी मागनं लागली. त्या छापखान्यात खिळे विकणारा एक फिरता माणूस यायचा. तो म्हणाला, मराठवाड्यात परभणीकडं सेलूला एका छापखान्याला कंपोझिटर पाहिजे, साप्ताहिक निघतं, राहायची सोय आहे. मी सव्वीस वर्षांचा, घरी भावजयीच्या डोळ्यांत खुपणारा. पेटी उचलली, मनमाडला गाडी बदलली आणि आलो. आमच्या गावचा एकजण निरोप द्यायला आला होता, तो म्हणाला, "बनी तो बनी, नहीं तो परभणी. जा बाबा."

मालकांनी पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारलं.

मी सांगितलं.

"हे कोन्त्या लोकांत येतं?"

"गावावरून पडलंय."

मालकांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. म्हणाले, "राग मानू नका. हल्ली दिवसच तसे हायेत." दिवस तसेच होते. मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव होऊन चार-पाच वर्षं झाली होती, त्या वर्षी जे जळलं त्याचा वास लोकांच्या बोलण्यातनं गेला नव्हता. नामांतर व्हावं म्हणणाऱ्यांची पत्रकं आमच्याकडं छापायला यायची, होऊ नये म्हणणाऱ्यांचीही यायची. दोघंही मला विचारायचे, "तुमी कोन्त्या बाजूचे?" मी म्हणायचो, "मी कोकणातला." दोघांनाही ते उत्तर लबाडीचं वाटायचं. खरं तर भीतीचं होतं. मी खोलीला आतनं कडी लावून, वर पेटी सरकवून झोपायचो.

पायानं मारायचं ट्रेडल मशीन चालवायला एक चाचा होते. निजामाच्या काळापासून छापखान्यात. त्यांना कुणाचाच भरवसा नव्हता, त्यामुळं माझ्यावरचा अविश्वास मला एकट्याला वाटायचा नाही. चहा मात्र ते रोज अर्धा ओतून द्यायचे.

मी येऊन दोनेक वर्षं झाली तेव्हा त्या साप्ताहिकात एक लेखमाला सुरू झाली. दर सोमवारी मालक सदऱ्याच्या खिशातनं घडी केलेले कागद काढून माझ्यापुढं ठेवायचे. शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, निळी शाई, उजवीकडं कललेलं बारीक अक्षर. खाली नाव नाही, नुसतं 'एक वाचक'. विषय असा की सेलूच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कुणी कल्पना करू नये: जगातल्या उंचात उंच शिखरांवर पहिल्यापहिल्यांदा गेलेले आणि न परतलेले लोक.

पहिला लेख दोन इंग्रजांचा होता. एक मास्तर, दुसरा कॉलेजातला पोरगा. एव्हरेस्टच्या माथ्याजवळ ढग जरा फाटले तेव्हा खालच्या सोबत्याला दोन ठिपके वर सरकताना दिसले. ढग मिटले. मग कुणालाच दिसले नाहीत. नऊ वर्षांनी एक कुऱ्हाड सापडली, बर्फ फोडायची. माथ्यावर पोचून उतरत होते की पोचलेच नव्हते, कुणाला ठाऊक नाही.

मी जुळवता जुळवता मोठ्यानं वाचायचो, चाचा मशीन पुसत ऐकायचे.

"इतक्या थंडीत माणूस स्वतःहून जातो?" चाचा म्हणाले. "कुछ तो लफडा होगा. देणेकरी मागं लागले असतील."

"चाचा, ते साहेब होते."

"म्हणून काय झालं? साहेबाला लफडं नसतं? आन् ते खाली बसलेला तिसरा, त्यानं खरंच बगितलं, का सांगायचं म्हनून सांगितलं? त्याला कुनी इचारलं?"

पुढच्या लेखात एकटाच विमान उडवत हिंदुस्थानात आलेला माणूस होता. चढणं नीट शिकलेलं नाही, तरी एव्हरेस्टवर एकटा गेला. वर्षानं त्याची रोजनिशी सापडली. आणखी एकात, उंचावरच्या तंबूत अडकलेल्या साहेबाला आणायला वर गेलेले तीन शेर्पा, तेही तिकडंच राहिले. तो लेख जुळवताना माझ्या हातातला खिळा खाली पडला होता, हे आठवतं. ज्यांना जायचं कारण नव्हतं तेच गेले, म्हणून.

लिहिणारा कोण, याचा मला शक येत राहिला. आधी वाटलं मालकच. पण मालकांना साध्या बातमीतली दोन वाक्यं धड लिहिता येत नव्हती. मग वाटलं एखादे मास्तर. कंपोझिटरला एक गोष्ट कळते, जी वाचणाऱ्याला कळत नाही: कोणता शब्द किती वेळा जुळवावा लागला. एकोणीस लेख मी जुळवले. इतक्या माणसांची कथा, आणि त्यात 'मेला' हा शब्द मी एकदाही जुळवला नाही. 'परतला नाही', 'दिसला नाही', 'निरोप आला नाही'. एवढंच. आणि प्रत्येक लेख शेवटी खाली यायचा. तळावर वाट बघणारा, घरी पत्राची वाट बघणारी आई, असं कुणीतरी. मला हे ध्यानात आलं होतं, पण त्याचा अर्थ लावण्याइतकी अक्कल तेव्हा नव्हती.

विसावा लेख छोटा होता. तो सेलूतल्याच एका माणसाबद्दल होता, आणि त्यातही 'परतला नाही' एवढंच होतं.

त्या माणसाबद्दल मी चाचांकडनं ऐकलं होतं. गावातल्या शाळेत ड्रिलचे सर होते. डोंगर चढायचा नाद. या भागात काळी सपाट जमीन, चढायला काय तर पाण्याची टाकी. सर पहाटे पाठीवर सरकीचं पोतं बांधून टाकीच्या शिडीवर वर-खाली करायचे, आणि मोंढ्यातले हमाल ओरडायचे, "सर, पोतं वरीच ठिवा, खाली कशाला आनता?" कुठंतरी उत्तरेत जाऊन चढाईचं शिक्षण घेऊन आले, मग एका मोठ्या तुकडीबरोबर नेपाळातल्या एका शिखरावर गेले. जगातल्या पहिल्या दहांत मोजतात अशा. वादळ आलं. एकजण परतला, सर परतले नाहीत. तार आली ती नामांतराचा ठराव व्हायच्या महिनाभर आधी. मग जिल्ह्यात जे झालं, त्यात एका घरची तार कोण लक्षात ठेवणार? चौकशीला कुणी गेलं नाही. पुढं अफवा उठल्या. कुणी म्हणे नांदेडला दिसले, कुणी म्हणे तिकडंच दुसरा संसार मांडला, कुणी म्हणे साधू झाले. सरांचा धाकटा भाऊ दोनदा नेपाळच्या हद्दीपर्यंत जाऊन आला. सरांच्या आईनं देवापुढचा दिवा विझू दिला नाही. आणि सरांच्या पत्नी, म्हणजे ताई, कुंकू लावत राहिल्या. गावात त्यावर दोन मतं होती. शास्त्र सांगणारे गुरुजी म्हणत, माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. तोवर ती सवाष्ण. कोर्टकचेरीतले म्हणत, सात वर्षं झाली की कायद्यानं गेला. बायकोला त्याच्या जागी नोकरीही मिळते.

विसावा लेख आला तेव्हा सात वर्षं नुकतीच भरली होती.

मालक परभणीला निघाले होते. जाताना म्हणाले, "ह्यो लेख चौकटीत टाका, पयल्या पानावर. उठून दिसला पायजे. मी शनवारी येतो."

चौकट करायला बारीक पितळी पट्ट्या लागतात. आमच्याकडं त्यांचा एकच संच होता. त्या आठवड्यात दोन पत्रकं जुळवून तयार होती, एक नामांतराच्या बाजूचं, एक विरुद्धचं, आणि दोघांना बारीक चौकट हवी होती म्हणून पट्ट्या निम्म्या निम्म्या अडकल्या होत्या. छापायची मालकांची हिंमत होत नव्हती, कुठलं आधी छापावं म्हणून. जुळणी सोडायलाही सांगत नव्हते. दगडावर, म्हणजे पान बांधायच्या फरशीवर, मोकळ्या होत्या त्या फक्त जाड काळ्या पट्ट्या. मागच्या अंकात एका व्यापाऱ्याच्या निधनाची बातमी त्यात टाकली होती.

मी त्या उचलल्या.

चाचा म्हणाले, "ये तो परवाच्या मयतीची चौकट. तीच काहून लावायलाय?"

मी म्हणालो, "चाचा, पट्टीला काय मयत न् काय बारसं? रॉकेलनं धुतली की झाली."

हे वाक्य माझं आहे. चाचांनी विचारलं होतं आणि मी असं बोललो होतो. नंतर कितीजणांना सांगताना मी हे वाक्य गाळलं. इथं गाळत नाही. अंक वेळेत निघाला पाहिजे, नाहीतर मालक काढून टाकतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि एक खरं, मी परगावचा. सरांची आई रोज दिवा लावते हे मला ऐकून माहीत होतं, पण बघून माहीत नव्हतं.

अंक शुक्रवारी गेला. शनिवारी सकाळी छापखान्यापुढं माणसं जमली.

सरांचा भाऊ आधी आत आला. उंच, अंगानं वाळलेला. हातात आमचाच अंक. त्यानं तो दगडावर आपटला नाही, नीट पसरून ठेवला आणि काळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ही कुनी लावली?"

मी म्हणालो, "मी."

"कुनाच्या सांगन्यावरनं?"

"कुणाच्याच नाही."

"लेख कुनी लिवला?"

"मला माहीत नाही."

"तुला काईच म्हाईत न्हाई. कोन्त्या गावचा, कोन्त्या लोकाचा, तेबी कुनाला म्हाईत न्हाई. माझी माय पेपर बगून ओट्यावर बसलीय ती उठना. ती मला म्हनती, दिवा इजवू का? काय सांगू तिला? किती घेतले रं तू? आन् कुनाकडनं?"

मागनं कुणीतरी म्हणालं, "ज्याला सरांच्या जागी बसायचंय त्याच्याकडनं." दुसरा म्हणाला, "का रानाची वाटनी करायचीय त्याच्याकडनं?" तेव्हा भावानं गर्रकन वळून बघितलं. तेव्हाच मला समजलं की या माणसावरही गाव शक घेतं. दोनदा नेपाळला जाऊन आलेल्या माणसावर.

मालक परभणीहून तोवर आले होते. त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. ते म्हणाले, "लेखकाचं नाव मी सांगनार न्हाई. शबुद दिलाय. पन चौकट माझी न्हाई. मी निस्तं चौकटीत टाका म्हनलो. ती काळी ह्यानं लावली. आज ह्याला काढून टाकतो, मग तर झालं?"

मला वाईट वाटलं पण राग आला नाही. त्यांनी एक शब्द पाळला होता, दोन पाळायची ताकद त्यांच्यात नव्हती. मी आत खोलीत गेलो आणि पेटी भरायला लागलो. दोन शर्ट, एक चादर, आईचा फोटो. कुलूप लागेना. कोकणात परत जायला तोंड नव्हतं. आणि स्टेशनपर्यंत या गर्दीतनं जाऊ देतील का, हा आणखी वेगळा प्रश्न. मी पेटी घेऊन बाहेर आलो, तेव्हा गर्दी बाजूला सरकत होती.

ताईंना मी पहिल्यांदा तेव्हा बघितलं. तिशीच्या पुढच्या, सावळ्या, सुती लुगडं, कपाळावर कुंकू. त्यांनी आधी माझ्या पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग दिराकडं वळल्या.

"भावजी, लेख माझा हाय."

भावानं पट्टीवरचं बोट उचललं.

"एकबी न्हाई, समदे. येक वाचक मीच. तुमच्या भावाच्या पुस्तकांतलं वाचून लिवलेले. छापखान्याच्या काकांना मी नाव सांगू नका म्हनले होते."

"आन् ही चौकट?" भाऊ म्हणाला.

ताईंनी एक क्षण दगडावरच्या अंकाकडं बघितलं. मला आजही तो क्षण मोजता येत नाही, केवढा होता.

"तीबी मीच सांगितली. ह्या मानसाचा काय कसूर न्हाई."

"वैनी!"

"काळी टाका म्हनले. टाकली त्यांनी."

भावाचा चेहरा उतरला. तो एकदम हळू बोलायला लागला, आणि त्याचं हळू बोलणं मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. "सात वर्सं झाली म्हनून? नौकरीपायी? बारा होऊ द्यायची होती ना, वैनी. मायसाठी तरी."

ताई म्हणाल्या, "तसं म्हना."

एवढं बोलून त्या आल्या तशा निघून गेल्या. गर्दीनं वाट दिली, पण आधीसारखी नव्हे. मघाशी वाट दिली ती सरांच्या बायकोला. आता जी दिली ती कुणाला, ते बायांनी ठरवून टाकलं होतं. एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "मी म्हनत होते की न्हाई." काय म्हणत होती ते तिलाच ठाऊक.

मालकांनी मला पेटी आत ठेवायला सांगितलं. काम राहिलं.

मी त्या दिवशी देवाचे आभार मानायला हवे होते. मी शक घेत बसलो. का केलं त्यांनी हे? मी त्यांचा कोण? आता येतील आणि काहीतरी करायला लावतील. नोकरीच्या अर्जाला जोडायला पुरावा म्हणून अंक मागतील. किंवा खरंच त्यांना तेच हवं होतं, मालकांना त्यांनी 'काळी' सांगितली होती आणि मालक मला सांगायला विसरले. म्हणजे मी चुकलो नव्हतोच? हा विचार मला फार आवडला, आणि आवडला म्हणूनच त्याचा संशय आला.

मी अंगणात उभा राहून लोकांचं बोलणं ऐकायचो. ताईंना त्या श्रावणात कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. सासूनं दिवा चालू ठेवला, सुनेशी बोलणं बंद केलं. ताईंनी कुंकू पुसलं नाही, पण लावणंही थांबलं. आपल्या तोंडानं काळी चौकट मागितलेली बाई लावणार तरी कसं? शाळेत ताईंचा अर्ज कधी येतो याकडं गावाचं लक्ष. आज करतील, उद्या करतील. अर्ज आला नाही. तरी कुणी म्हणालं नाही की आपला शक खोटा होता. म्हणाले, "हुश्शार हाय. थांबून करंल."

एक अफवा माझ्यापर्यंत आली ती चाचांनी आणली. "तुझं आन् तिचं नाव जोडायलेत." मी घाबरून दोन दिवस खोलीबाहेर पडलो नाही. चाचांनी दाराबाहेर चहा ठेवला आणि म्हणाले, "मी सांगितलं त्यांना, ह्याला माझ्यासंगं बोलायची हिंमत न्हाई, बाईसंगं काय बोलंल?" हा माझ्या बाजूनं केलेला बचाव होता.

महिनाभरानं ताई भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून, मालकांच्या बायकोला बरोबर घेऊन छापखान्यात आल्या. हातात घडी केलेले कागद नव्हते. मी उभा राहिलो. चाचा मशीनमागं गेले, पण ऐकू येईल इतकेच मागं.

"एक इचारायचं होतं," ताई म्हणाल्या. "आता खरं सांगा. कुनी सांगितलं होतं तुमाला?"

"काय?"

"काळी लावा म्हनून. भावजींनी? का मोंढ्यातल्या कुनी? मी कुनाला सांगनार न्हाई. निस्तं मला कळू द्या. महिना झाला, मला झोप न्हाई."

महिनाभर मी त्यांच्यावर शक घेत होतो, आणि ताई माझ्यावर. तरी त्यांनी मला वाचवलं होतं. विकला गेलेला माणूस समजून वाचवलं होतं.

मी म्हणालो, "ताई, बारीक पट्ट्या नव्हत्या."

"म्हंजे?"

मी त्यांना दगडापाशी नेलं. दोन्ही पत्रकं अजून तशीच बांधून पडली होती, न छापलेली. त्यांतल्या पितळी पट्ट्या दाखवल्या. मग जाड पट्टी हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट केली, बोटाला शाई लागली.

"म्हंजे कुनीच न्हाई?"

"कुणीच नाही. चाचांनी विचारलं होतं. मी म्हणालो, पट्टीला काय मयत न् काय बारसं."

मशीनमागनं चाचा म्हणाले, "मी सांगितलं व्हतं."

आणि ताई हसायला लागल्या. आधी नुसता श्वास सुटला असं वाटलं, मग खरंच हसल्या, मालकांच्या बायकोचा खांदा धरून. "पट्ट्या नव्हत्या! मी म्हनते, कोन कोन सामील आसंल, कुठवर गेलं आसंल हे... आन् पट्ट्या नव्हत्या!" हसता हसता डोळ्यांतनं पाणी आलं ते त्यांनी मनगटानं पुसलं, आणि गालाला शाई लागली.

मी विचारलं, "मग तुम्ही मला का वाचवलं? मला तर तुम्ही चोर समजत होता."

त्यांनी पट्टी दगडावर ठेवली. "तुमी पेटी घेऊन दारात आला. मी तिकडनं आले. एक मानूस सामान घेऊन घरातनं भायेर पडायलाय, आन् मी उभी हाय, हे मला एकदा झालंय. दुसऱ्यांदा बगवलं नसतं." आणि मग, जाता जाता, "चोर असता तरी."

मी एक प्रश्न त्यांना कधीच विचारला नाही. काळी चौकट बघून, दगडापाशी त्या थांबल्या त्या क्षणात, त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं का? सात वर्षं रोज सकाळी आरशापुढं ठरवायचं, आज लावायचं की नाही. ते ठरवणं माझ्या घाईनं संपलं. कधी वाटतं, वाटलं असेल. कधी वाटतं, हे मी माझ्या सोयीनं ठरवतोय. शक घ्यायची सवय एकदा लागली की स्वतःलाही सोडत नाही.

बारा वर्षं भरली तेव्हा सासूनंच सुनेला पहिल्यांदा हाक मारली. "चल, पळसाची पानं बगू," म्हणाली. गंगाखेडला गोदावरीच्या काठी पानांचा माणूस केला. भावानं अग्नी दिला. पानं आणायला जिंतूरच्या बाजूच्या माळावर मीही गेलो होतो, भावानंच निरोप धाडला होता, "त्या कोकन्याला बी बोलवा." मोजून पानं लागतात, एक कमी चालत नाही. गुरुजी मोजत होते आणि मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर मोजत होतो, जणू खिळे. ज्वाळा उठली तेव्हा ताईंनी सासूला धरलं होतं, की सासूनं त्यांना, ते मला मागनं दिसलं नाही.

विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न ज्या वर्षी मिटला, त्याच सुमारास आमचा छापखानाही मिटला. ऑफसेट आलं. खिळे वजनावर गेले. चाचा गेले. मालकांनी विचारलं, तुमाला काय पायजे, तर मी दोन केस, खणांचे लाकडी ट्रे, भरून खिळे मागून घेतले. आणि बारीक पितळी पट्ट्यांचा तो संच. ती दोन पत्रकं कधीच छापली गेली नाहीत. पट्ट्या मी माझ्या हातानं सोडवल्या.

पुढं बऱ्याच वर्षांनी पेपरात आलं की त्या पहिल्या लेखातल्या दोघा इंग्रजांपैकी एक सापडला. बर्फानं जपून ठेवलेला. मी अंक घेऊन ताईंकडं गेलो. सासू आता नाहीत. ताई दिराच्या कुटुंबातच राहतात, मुलांच्या शिकवण्या घेतात. त्यांनी चष्मा लावून बातमी दोनदा वाचली.

"वर पोचले होते का, ते कळलं?"

"नाही. ते अजून कळलं नाही."

"मग काय सापडलं म्हनायचं," म्हणाल्या, आणि अंक घडी करून मला परत दिला.

मी आजही सेलूतच आहे. कोकणात वर्षातनं एकदा जातो, पाहुण्यासारखा. ते वीस लेखांचे कागद माझ्यापाशी आहेत, उत्तरपत्रिकांच्या पाठीवरचे. छापून झालं की कागद रद्दीत टाकायचे असतात. मी का ठेवले, तेव्हा ठाऊक नव्हतं. आता माझे डोळे अधू झालेत, एक ओळ जुळवायला पूर्वी पानाला लागायचा तेवढा वेळ लागतो. पण हात विसरलेला नाही. ताई, हे तुम्ही वाचालच, म्हणून इथंच सांगतो: तुमचे वीसही लेख मी माझ्या हातानं, खिळ्यांनी जुळवीन, आणि त्यांचं पुस्तक तुमच्या हातात देईन. 'परतला नाही' असेल तिथं 'परतला नाही'च राहील. आणि विसाव्या लेखाला बारीक चौकट असेल. पट्ट्या या वेळी माझ्यापाशी आहेत.